पडद्यापल्याडची प्लेट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे परभणीला जाऊन तिचा चष्मा आणला आणि गावाकडं निघायच्या आधी एका हॉटेलात कोंबडीचे पंख खाल्ले. मिळून म्हणायचं, पण खाताना मध्ये पडदा होता. ती आत, मी बाहेर. दोन दिवसांनी ती गेली.

ती म्हणजे माझी बायको. त्रेचाळीस वर्षं एका चुलीवर काढली. बोलायला तिखट होती, मीही काही गोड नाही. आमचं गाव बोरीपासून कोसभर आत. परभणीला जायचं म्हणजे बोरीपर्यंत पायी, पुढं एसटी. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. दिवाळीआधी शिबिरात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मग दीड-दोन महिने डोळ्यावर हिरवं फडकं लटकवून ओट्यावर बसून असायची. त्याच दिवसांत तिचं खाणं तुटलं. अर्धी भाकर मोडायची, त्यातली निम्मी परत टोपल्यात. मी ओरडायचो.

"खा की. कोनासाठी ठिवायलीस?"

"खाल्लं की. तुमचं ध्यान कुठं असतंय?"

हे तिचं ठरलेलं उत्तर. आमच्या घरात बाई शेवटी जेवते. सगळ्यांचं झालं, भांडी गोळा झाली, की चुलीपुढं तोंड करून, आमच्याकडं पाठ करून बसायची. काय खाल्लं, किती खाल्लं, मी कधी बघितलं नाही. "खाल्लं की" म्हणली म्हणजे खाल्लं. खोटं बोलायची ते पुढं सुनेकडून कळलं. दुष्काळात तर तांब्याभर पाणी पिऊन ढेकर द्यायची म्हणे.

तर चष्मा. डॉक्टरनं सांगितलेल्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. जाड भिंगाचा चष्मा, बाटलीच्या बुडासारखा. चष्मेवाल्यानं काड्या तिच्या कानावर बसवल्या. तिनं आधी वर छताकडं बघितलं, मग स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले, मग माझ्याकडं बघितलं. लय वेळ बघितलं.

"अगं बाई! तुमी लय म्हातारे झालाव की ओ."

"आन तू काय सोळाची हायेस?"

"मला काय म्हाईत? आरसा कुठाय?"

आरसा दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात होता. तो मिशा न्याहाळत बसला होता. मी म्हणालो, चल, एसटी जाईल, घरी काय आरसा नाही का. तिला तसंच बाहेर काढलं. मला कायम घाई. कशाची ते आता विचारलं तर सांगता येत नाही.

स्टँडावर आलो तर एसटीचा पत्ता नाही. ते विद्यापीठाच्या नामांतराचं साल होतं. एसटी कधी सुटेल आणि कधी बंद पडेल, कुणीच सांगत नव्हतं. कंट्रोलर म्हणाला, येईल तेव्हा येईल, लांब जाऊ नका. सकाळपासून पोटात च्याशिवाय काही नव्हतं. तिला दशम्या बांधून घे म्हणालो होतो, तर म्हणाली होती भूक नाही. आणि डॉक्टर तर मला दटावून म्हणाला होता की बाईच्या अंगात रक्त नाही, अंडी द्या, कोंबडी द्या.

स्टँडामागच्या गल्लीतून तळणाचा वास यायला लागला. लसूण, मिरची आणि आणखी कायतरी.

मी म्हणालो, "चल, आज हाटेलात खाऊ."

"येड लागलं का? बायामानसं हाटेलात जातेत व्हय?"

"डॉक्टर म्हणला कोंबडी चारा. घरी तर तू खात न्हाईस."

तिनं जरा विचार केला. "उद्या एकादशी हाय," म्हणाली. "खायचं तर आजच."

त्रेचाळीस वर्षांत तिला हॉटेलात जेवायला नेलं नव्हतं. एकदा जिंतूरला बाजारात उभ्या उभ्या च्या पाजला होता, तेवढाच. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि माझ्या मागं मागं आली.

हॉटेल लहानच, पण नवं. बाहेर फळीवर कोंबडीचं चित्र काढलेलं. गल्ल्यावरही तोच माणूस आणि कढईवरही तोच. चाळिशीचा, दाढी राखलेला, परभणीचाच.

"आव चाचा. क्या होना?"

"कोंबडीचं काय हाय?"

"पंख हैं. कोरिया के पंख."

मी म्हणालो, "कोरिया कुठं आलं? पाथरीच्या पल्याड का?"

तो लय हसला. मग कढईत झारा फिरवत सांगायला लागला. दहा-बारा वर्षं तो वाळवंटाच्या मुलखात होता. तिथं कोरियाची एक कंपनी रस्ते बांधायची. तिच्या तळावर कोरियाची शेकडो माणसं, आणि हा त्यांच्या मेसमध्ये. त्यांच्या म्हाताऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली तो हे पंख करायला शिकला. एकदा तळायचे, काढायचे, गार होऊ द्यायचे, परत तळायचे. मग लाल मिरची, लसूण, सिरका आणि गोड पाक यांत घोळवायचे, वरून तीळ. तिकडं लढाई लागली, तेव्हा एक थैली आणि एक कंबल घेऊन तो परभणीला पळून आला. येताना हे पंख तेवढे डोक्यात घेऊन आला.

तो म्हणाला, "अम्मा कू अंदर बिठाव. फॅमिली रूम है. वां आराम से खाते."

भिंतीच्या कडेनं फळ्या ठोकून दोन खोपटी केली होती आणि त्यांना निळे पडदे लावले होते. मी आपलं समजलो, ही बायांची जागा. चूक काय त्यात? आमच्याकडं कुठल्याही कार्यात बाप्यांची पंगत वेगळी, बायांची वेगळी. दर्ग्याच्या कंदुरीला तर बोकड आम्ही बाप्येच कापतो, आम्हीच शिजवतो, आम्हीच खातो, बाया घरी. आणि हा मुसलमानाचा माणूस, त्यानं पडदा लावलाय म्हणजे आत बायाच बसणार. मी पडदा वर केला, तिला बाकड्यावर बसवलं, पडदा सोडला आणि बाहेरच्या टेबलावर पडद्याकडं पाठ करून बसलो. हॉटेलवाल्यानं माझ्याकडं बघितलं. काही बोलला नाही.

दोन प्लेटा आल्या. एक आत, एक मला. सहा-सहा पंख, लालभडक, चकचकीत.

आता पंख म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमच्या घरी कोंबडं कापलं की वाटे ठरलेले. तंगडी मला आणि पोराला. छाती पाहुण्याला. काळीज लेकरांना. मान, पाठ आणि पंख तिला, तेही उरले तर. "मला पंखच आवडतेत," असं ती म्हणायची आणि मी ते खरं धरून चाललो होतो. मी स्वतः जन्मात पंख खाल्ला नव्हता. त्यात काय असतं, हाड आणि कातडं.

पहिला घास घेतला आणि थांबलो. वरचं कातडं तळलेल्या पापडासारखं कडकड वाजलं. मग तिखट झणकन वर गेलं. आणि त्याच्या मागून गोड. कोंबडी, आणि गोड! मला वाटलं ह्यानं चुकून गुळाच्या पाकात बुडवला.

पडद्यामागून तिचा आवाज आला. "अहो."

"काय?"

"तुमाला बी गोड लागायलंय का?"

"लागायलंय की."

"बरं झालं बाई. मला वाटलं डोळ्यासंगं तोंड बी बिघडलं."

हॉटेलवाला हसला. ती आतून म्हणाली, "ह्येचे पैसे घ्यायलेत का ओ भाऊ? मी जलमभर फुकट खाल्ले."

"अम्मा," तो म्हणाला, "कोरिया की औरतां मरद कू पंख नहीं देते. बोलते, मरद पंख खाया तो उड जाता, दुसरी के पास."

"ह्यांना कोन नेतंय?" ती आतून म्हणाली. "नेलं तरी चार दिसात परत आनून सोडतील. वरून भाडं मागतील."

आजूबाजूच्या टेबलांवरचे लोकही हसले. मीही हसलो, पण कान तापले. चार लोकांत बायकोनं असं बोलायचं म्हणजे. मी मान खाली घालून खायला लागलो. दुसऱ्या पंखाला गोड कमी लागलं. तिसऱ्याला बरं वाटायला लागलं. हाडाच्या सांध्यात इतकं मऊ मांस असतं हे मला साठीत कळलं.

"खायलीस का?" मी पाठमोराच विचारलं.

"हूं."

चौथा पंख हातात असताना बाहेर हॉर्न वाजला. मी हात तसेच घेऊन स्टँडावर पळालो. ती वसमतची गाडी निघाली. कंट्रोलरला विचारलं, तो तोच पाढा म्हणाला. तिथं गावाकडचा एक जण भेटला, त्याच्याशी कापसावर बोलत बसलो. बराच वेळ गेला असेल. परत आलो तर माझे राहिलेले दोन गार झाले होते. ते खाल्ले. तेवढ्यात आमची गाडी लागली म्हणून कुणीतरी ओरडलं. मी "चल, चल" करत पैसे दिले. ती पदरानं तोंड पुसत बाहेर आली. आत प्लेटीत काय राहिलं, काय नाही, मी बघितलं नाही. बघायला किती वेळ लागला असता?

गाडीत तिला खिडकी दिली. झरी येईपर्यंत ती नाक काचेला लावून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "बाभळीची पानं येगयेगळी दिसायलीत. मला वाटायचं ते सगळं एकच असतंय."

"पंख खाल्लेस का समदे?"

"त्या बाईच्या लुगड्याला काठ बघा कसला हाय."

"मी काय इचारलो?"

"खाल्लं की," म्हणाली. तोच आवाज. चुलीकडं तोंड करून बसल्यावर यायचा तो.

घरी आल्यावर रात्री जेवली नाही. पोट जड हाय म्हणाली. दुसऱ्या दिवशी एकादशी. च्या घेतला, दुसरं काही नाही. चष्मा लावून घरभर फिरली, सुनेला जाळं दाखव, धूळ दाखव. सून वैतागली. तिसऱ्या दिवशी द्वादशी. सकाळी लवकर स्वयंपाक करून सगळ्यांना वाढलं. मी जेवून शेताकडं निघालो. पायतान घालत होतो तर आतून सून ओरडली. ती चुलीशेजारी मेढीच्या खांबाला टेकून बसली होती. चष्मा डोळ्यावर तसाच. तिच्यापुढं रिकामं ताट होतं. वाढून घ्यायचं राहिलं होतं.

गेली. एवढंच. डॉक्टर आणायला पोरगा सायकलवर बोरीला गेला, पण मला कळलं होतं.

बाया जमल्या. आमच्याकडं मेल्या माणसाबद्दल बाया पहिलं हेच विचारतात, पोटात काय होतं. सून रडत म्हणाली, "दोन दिस आत्याबाईनं काईच खाल्लं न्हाई."

एक म्हातारी माझ्याकडं वळली. "परभनीला काय खाल्लं तिनं?"

"कोंबडीचे पंख."

"तुमच्या देखत खाल्ले का?"

माझ्या देखत! मी तर पाठ करून बसलो होतो.

"उपाशी गेली बिचारी," ती म्हणाली आणि बाकीच्या बाया रडायला लागल्या.

ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं. सोयऱ्याधायऱ्यांनी समजावलं, सोनं झालं म्हणाले, सवाष्ण गेली म्हणाले, हातपाय धड असताना गेली म्हणाले. मला त्यातलं काही लागलं नाही. मला एकच पाहिजे होतं. त्या पडद्यामागं ती जेवली का नाही? जिच्या हातचं मी त्रेचाळीस वर्षं खाल्लं तिचं शेवटचं पोट भरलेलं होतं का रिकामं, हे मला सांगता येत नव्हतं. घरात उभ्या जन्मात बघितलं नाही ते नाहीच, पण ज्या दिवशी मुद्दाम चारायला नेलं त्या दिवशीही मी दोन हातांवर बसून बघितलं नाही.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. घर मोकळं झालं. पोरगा दिवसभर शेतात. सून मला वाढायची आणि दारामागं जाऊन उभी राहायची, काय हवं नको बघायला. बोलायची नाही. मी भाकर मोडायचो. भाजीत मीठ कमी पडलं तरी कुणावर ओरडावं वाटेना. ओरडायला समोरून ओरडणारं माणूस लागतं. गावातले म्हातारे पारावर बोलवायचे. गेलो दोनदा. तिथं बसून तिच्याबद्दल बोलता येत नाही, पाऊसपाणी आणि नामांतर एवढंच. एक दिवस तिचा चष्मा काढून डोळ्याला लावून बघितला. सगळं धुकं. पेटीत ठेवून दिला.

परभणीला जायचं म्हणालो तर नामांतराच्या गडबडीत चार दिवस एसट्याच बंद. मग चालू झाल्या. पोराला सांगितलं सरकीचा भाव बघून येतो. खरं सांगितलं असतं तर म्हणाला असता, आबाला भ्रम झाला.

गाडीत माझ्या शेजारी एक जण शेळी घेऊन बसला. शेळीनं माझ्या धोतराचा सोगा चघळायला घेतला. तो म्हणाला, "पाव्हणं, धोतर आवरा." मी म्हणालो, "तू शेळी आवर की." झरीपर्यंत आमचं भांडण चाललं. खरं सांगायचं तर किती दिवसांनी कुणाशी एवढं बोललो, तेही शेळीवरून.

हॉटेलात गर्दी नव्हती. दुपार होती. त्यानं मला ओळखलं.

"आव चाचा. अम्मा नहीं आई?"

"गेली."

तो समजला. झारा खाली ठेवला. माझ्यासमोर पाण्याचा गिलास ठेवला आणि उभाच राहिला. विचारायचं ते माझ्या तोंडातून निघेना. नको तेच उत्तर आलं तर? उपाशीच गेली असं निघालं तर घरी कशाला जायचं? मी पाणी प्यायलो. च्या मागवला.

तेवढ्यात एक मास्तर आला, पांढरा सदरा, खिशाला पेन. मागं त्याची बायको. हॉटेलवाल्यानं हात केला तसे दोघेही पडदा सारून आत गेले. पडदा पडला. आत बांगड्या वाजल्या, मास्तर कायतरी बोलला, बायको हसली.

मी म्हणालो, "तो बाप्या आत कसा गेला?"

"कौन?"

"मास्तर. ती तर बायांची जागा हाय."

"कौन बोला? फॅमिली रूम है चाचा. मियां-बीवी के वास्तेच है. साथ में बैठ के खाते."

मी च्या खाली ठेवला. "मंग मला भाईर का बसवलं?"

"मैं कां बिठाया? तुम खुद बैठे. मैं समझा तुमारे में अलग बैठते होंगे." तो जरा खजील झाला. "दिल में आया था बोलूं. फिर बोला, नक्को, बुरा मानेंगे."

मी त्याच्याकडचा रिवाज समजून बाहेर बसलो आणि तो माझ्याकडचा रिवाज समजून गप बसला. दोघांपैकी एकानं तोंड उघडलं असतं तर मी तिच्यासमोर बसलो असतो. त्रेचाळीस वर्षांत एकदा. त्या दिवशी माझ्या डोळ्यात पाणी आलं. तिच्या दिवसकार्यात आलं नव्हतं.

मग लाज वाटायचं काही राहिलं नाही. विचारून टाकलं.

"तिनं खाल्लं होतं का रे? खरं सांग. मला बरं वाटावं म्हनून सांगू नको."

तो आधी हसला. मग माझं तोंड बघून थांबला.

"अम्मा? दो प्लेट खाई."

"कोन?"

"अम्मा. दो प्लेट. तुम बस देखने गये ना, उतने में परदा सरका के उंगली से मेरेकू बुलाई. बोली, 'भाऊ, आनखी हायेत का? ह्यांना सांगू नगा.' मैं बोला, हैं अम्मा. गरम गरम निकाल के दिया. पैसे भी उसीच वखत दिये, कमर की पिशवी में से. तुम आने के पैले प्लेट उठा लेव बोली."

तो सांगत राहिला. आतल्या भिंतीला आरसा आहे, ती चष्मा लावून आरशात बघत बघत खात होती. एकदा तो पाणी द्यायला गेला तर आरशातल्या स्वतःला बघून हसत होती. तोंडाला सगळा लाल रंग लागलेला. हाडं अशी चोखली की धुऊन ठेवल्यासारखी. प्लेटीच्या कडेला ओळीनं लावून ठेवलेली.

"तिखट बोली क्या? नहीं. मीठा बोली क्या? नहीं. खातीच रही," तो म्हणाला. "ऐसा खानेवाला आदमी देखे तो पकानेवाले का पेट भरता चाचा."

छातीवरचा धोंडा उतरला. उपाशी नव्हती गेली. बारा पंख खाऊन गेली, आणि मला रात्री म्हणाली पोट जड हाय! मला हसू आलं. एकटाच हसलो, लोक बघायला लागले.

पण मग राग आला. तेही सांगतो, कशाला लपवायचं. ह्यांना सांगू नगा! मी काय वाघ होतो का? दोन प्लेटा मागितल्या असत्या तर मी नको म्हणालो असतो का? मग बसून विचार केला तेव्हा कळलं, मी नको म्हणालो नसतो, पण तिनं मागितल्याच नसत्या. मी समोर बसलो असतो तर तिनं तिच्यातले चार माझ्या प्लेटीत सारले असते आणि मी ते खाल्ले असते. म्हणाली असती, मला बस झालं. आणि मी खरं धरलं असतं. मी पाठ करून बाहेर बसलो, वरून उठून गेलो, म्हणून ती जेवली. तिच्या जन्मातलं एक पोटभर जेवण, आणि त्यात मी नव्हतो.

हे कळायला मला परभणी लागली. बरं झालं का वाईट, ते मला अजून ठरवता आलं नाही.

मास्तर आणि त्याची बायको उठून गेल्यावर मी हॉटेलवाल्याला म्हणालो, मला आत बसू दे, एक प्लेट आण. आत आरसा होता खरा, पाऱ्याचे डाग पडलेला. मी तिच्याच बाकड्यावर बसलो असेन. दोन पंख खाल्ले. चव तीच होती, तिखट आणि मागून गोड. तिसरा उचलला तो गिळेना. आरशात एक म्हातारा तोंड लाल करून बसला होता, त्याला बघून खाता येईना. हॉटेलवाल्यानं पैसे घेतले नाहीत. मी बळंच टेबलावर ठेवून आलो. गाडीत उभ्यानं आलो. घरी आल्यावर पोरानं सरकीचा भाव विचारला. मी कायतरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा शेताकडं गेल्यावर सुनेनं माझ्यापुढं ताट मांडलं आणि नेहमीसारखी दारामागं जाऊन उभी राहिली. मी ताट परत सरकवलं.

"आधी तू जेव."

ती घाबरली. "माझं काई चुकलं का मामा?"

"न्हाई. जेव म्हनलो. पाहिजे तेवढं घे. दोन भाकरी खा, न्हाईतर चार खा."

"तुमच्या आधी? लोक काय म्हनतील?"

"दार लावल्यावर लोकाला काय दिसतंय?"

ती हलेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत माझ्याकडं बघत राहिली. मी समोर असेपर्यंत ती बसणार नाही हे मला कळलं. मी उठलो, काठी घेतली, बाहेर आलो आणि दार मीच ओढून घेतलं. गोठ्यापुढच्या दगडावर घराकडं पाठ करून बसलो. लय वेळ आतून काही आवाज आला नाही. ऊन पायावर आलं. मला भूक लागली होती. मग आत भांडं सरकलं, आणि बुक्कीनं कांदा फोडल्याचा आवाज आला. मी उठून बैलांना कडबा टाकला.